आवाज कमी करता येईल का?



गेल्या वर्षी सणाच्या नोव्हेनाच्या दिवसांत एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि संकोचाने म्हणाले, "फादर, कर्ण्याचा आवाज थोडा कमी करता येईल का? आई आजारी आहे." आम्ही सहज बोलून गेलो, "नऊच दिवस तर आहेत!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आजींना ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो. देवळात रोझरी चालू होती आणि कर्ण्याचे तोंड नेमके त्यांच्या खिडकीकडे होते. आजी आम्हाला काहीतरी सांगत होत्या. ओठ हलताना दिसत होते. शब्द मात्र एकही कळेना.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. त्यांचा गोंगाट होतो तो ऐकणाऱ्याच्या कानात. म्हणून आवाजाचा त्रास होतो की नाही, हे आवाज करणाऱ्याने ठरवायचे नसते. आम्ही तेच ठरवले होते.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ही मोजणी साध्या बेरजेची नाही : १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षे कानी पडला तर बहिरेपणाचा धोका असतो. कानाच्या आतील केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय झोप मोडते, रक्तदाब वाढतो, मुलांचे अभ्यासातील लक्ष उडते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पण कायद्यात बसते म्हणून आजाऱ्याला सोसते, असे नाही.

आवाज तीन ठिकाणी अडवता येतो : जिथे तो निघतो तिथे, वाटेत आणि कानापाशी. पहिला उपाय सर्वांत स्वस्त व खात्रीचा. मिक्सर किंवा घरघंटीखाली जाड रबर ठेवावे. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. मोटारसायकलचा फुटलेला सायलेन्सर बदलावा. घरासमोर हॉर्न वाजवून माणसाला बाहेर बोलावण्यापेक्षा उतरून दार ठोठवावे.

वाटेतले उपाय त्यानंतरचे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खिडकी-दाराच्या फटी बुजवल्या तर बराच फरक पडतो, कारण छोट्या फटीतूनही आवाज आत शिरतो. पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पण बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. कानात बोळे घालणे हा शेवटचा उपाय. तो आजारी माणसाला सांगणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्यावर टाकणे.

आम्ही तो कर्णा उतरवला. त्याऐवजी देवळात खांबांवर छोटे स्पीकर, आवाज बेताचा ठेवून, लावले. आता मागच्या बाकावरही शब्द पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतात. आवाज मोठा असला म्हणजे बोलणे पोहोचते, हा आमचा गैरसमज होता.

लग्नसराई जवळ येत आहे. हळदीच्या रात्री डीजे किती वाजता बंद होणार, हे मांडव घालण्यापूर्वीच ठरवावे आणि शेजाऱ्यांना सांगावे. शेजारी कोणी आजारी, तान्हे बाळ किंवा परीक्षेला बसणारे मूल आहे का, याची चौकशी करावी.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने शेजारच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा : "आमच्या घरातल्या कोणत्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो?" उत्तर शांतपणे ऐकावे. आणि "चारच दिवस तर आहेत" असे मात्र म्हणू नये.

तुमचे धर्मगुरू