तक्रारीची नोटीस: समितीवर बसणाऱ्यांसाठी

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्याची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे आली की पहिले काम असते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळवण्याचे. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार तक्रारदार महिला तक्रारीच्या ६ प्रती, पुराव्याची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते देते. त्यांतली एक प्रत समितीने कामकाजाच्या ७ दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला पाठवायची असते. कागदपत्रे हाती पडल्यापासून त्या व्यक्तीला उत्तरासाठी जास्तीत जास्त १० कामकाजाचे दिवस मिळतात.

नियम इतका सरळ असूनही सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. नेहमी दिसणारा प्रकार असा: मनुष्यबळ विभागातून संध्याकाळी फोन जातो, ‘तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, उद्या अकराला समितीपुढे या.’ तक्रार कोणाची, कोणत्या प्रसंगाची, कशाचा शब्द नाही. तो माणूस रात्रभर दहा जणांना फोन करून अंदाज बांधतो आणि दुसऱ्या दिवशी तक्रारदाराचे नाव कार्यालयभर झालेले असते. समितीपुढे तो चाचपडत काहीतरी बोलतो, तेच त्याचे म्हणणे म्हणून लिहिले जाते, आणि पुढे ‘मला तक्रारच दाखवली नाही’ या एका वाक्यावर सगळी चौकशी अडते. दोष समितीचा, पण सोसावे लागते तक्रार करणाऱ्या बाईला. तिला तीच हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

बचावाची संधी नीट न दिल्याने चौकशी अशी अडण्याचा प्रकार गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात फार मोठ्या प्रमाणावर घडला. २००९ मधल्या तक्रारींवरून एका प्राध्यापकाला बडतर्फ करण्यात आले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. चौकशीत अवाजवी घाई झाली, बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, असे म्हणत न्यायालयाने प्रकरण समितीकडे परत पाठवले. तक्रार खरी की खोटी, हा प्रश्न १४ वर्षांनंतरही तसाच राहिला. आरोपीला त्याचा हक्क पुरेपूर देणे म्हणजे तक्रारदाराशी कठोर होणे, असे अनेक सदस्यांना मनापासून वाटते. तो समज या निकालानंतर तरी सोडायला हवा.

नोटीस लेखीच हवी. तिच्यासोबत तक्रारीची पूर्ण प्रत आणि जोडलेली कागदपत्रे जावीत. समितीने स्वतःच्या शब्दांत केलेला सारांश चालत नाही, कारण त्यात नकळत समितीचे मत उतरते. ‘तुम्ही केलेल्या छळाबद्दल’ असे लिहिले तर चौकशीआधीच निकाल दिल्यासारखे होते. ‘तक्रारीत नमूद केलेल्या प्रसंगांबाबत’ एवढेच पुरते. उत्तराची शेवटची तारीख, स्वतःचे साक्षीदार व कागदपत्रे देता येतील ही माहिती, समितीपुढे वकील आणता येत नाही ही गोष्ट, आणि तक्रारदाराशी किंवा साक्षीदारांशी या विषयावर संपर्क साधू नये ही ताकीद, हे सारे स्पष्ट शब्दांत असावे.

नोटीस पोहोचवायची रीतही तितकीच महत्त्वाची. बंद लखोटा समितीच्या सदस्याने स्वतः, एकांतात, हातात द्यावा आणि तारीख-वेळेसह सही घ्यावी. आवक-जावक नोंदवहीत विषयाच्या रकान्यात ‘लैंगिक छळ’ असे लिहिले की बारनिशीपासून कॅन्टीनपर्यंत बातमी पोहोचते; तिथे ‘गोपनीय पत्र’ एवढीच नोंद पुरे. तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करण्यास कायद्याच्या कलम १६ ने मनाई केली आहे, आणि ती नोंद करणाऱ्या कारकुनालाही लागू होते. लखोटा नाकारला तर तसा शेरा मारून स्पीड पोस्टाने पाठवावा.

लखोटा देण्याआधी तक्रारदाराला तो दिवस सांगून ठेवावा. नोटीस मिळाल्यानंतरचे पहिले दोन-चार दिवस तिच्यासाठी सर्वांत अवघड असतात. दोघे एकाच खोलीत बसत असतील, तर तिच्या लेखी विनंतीवरून बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतच्या रजेची शिफारस समिती करू शकते. ती शिफारस नोटिशीच्याच सुमारास व्हावी, महिनाभराने नव्हे.

संबंधित व्यक्ती सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना आली नाही, तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन एकतर्फी निर्णय घेता येतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समितीच्या शिफारशींविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येते, आणि त्या वेळी नोटिशीची प्रत आणि सही-तारखेची पोच हीच कागदपत्रे समितीच्या बाजूने उभी राहतात.