दीर्घकालीन चिंतेची लक्षणे व ग्रामकार्यकर्त्याचे कर्तव्य

कपाशीवर डोमकळी दिसताच आत गुलाबी बोंडअळी शिरली आहे, हे जाणता शेतकरी ओळखतो. मनात घर करून राहिलेल्या चिंतेचीही अशीच बाह्य चिन्हे असतात. ती वेळीच ओळखल्यास पुढील हानी टळू शकते.

पाऊस लांबला किंवा पीककर्जाची मुदत जवळ आली, की काळजी वाटणे स्वाभाविक आहे. पाऊस पडताच वा हप्ता फिटताच ती ओसरते. परंतु कारण दूर होऊनही काळजी सरत नाही, एक विषय मिटताच दुसरा त्याची जागा घेतो व ही स्थिती अनेक महिने टिकते, तेव्हा ती आजाराचे रूप धारण करते. वैद्यकशास्त्र यासाठी सामान्यतः ६ महिन्यांचा काळ धरते. तथापि उपचारासाठी तितके थांबण्याचे कारण नाही.

मुख्य लक्षणे पुढीलप्रमाणे होत :
(१) झोप न लागणे किंवा मध्यरात्री जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे.
(२) छातीत धडधड, हातांना कंप, मान व खांदे आखडणे, पोटाच्या तक्रारी, सततचा थकवा.
(३) चिडचिड, विसराळूपणा, पेरणी वा विक्रीचा निर्णय वारंवार पुढे ढकलणे.
(४) बाजार, बैठक व नातलग टाळणे. दारू वा तंबाखूचे प्रमाण वाढणे.

रक्तक्षय व थायरॉइडच्या विकारांतही यांपैकी काही लक्षणे आढळतात. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. समुपदेशन व औषधे यांनी हा आजार आटोक्यात येतो. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत.

कार्यकर्त्याने चारचौघांत विचारपूस न करता बांधावर किंवा घरी निवांत बोलावे. प्रथम झोपेविषयी विचारावे, मग ऐकून घ्यावे. "एवढ्याने काय होते?" असे म्हणू नये. घरातील स्त्रियांचीही अशीच चौकशी करावी. जीव नकोसा झाला आहे काय, हे स्पष्ट विचारण्यास कचरू नये; विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, कीटकनाशके तिच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत व तिला त्वरित रुग्णालयात न्यावे.

२०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक चावडीवर लावावा.