मोटार-दुरुस्तीचा रास्त भाव



स्मरणिकेसाठी आम्ही एरव्ही डाळींची आवक, गोदामातील कीड असल्या विषयांवर चार शब्द लिहितो. यंदा विषय निराळा घेतला आहे. आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या दारी गेल्या काही वर्षांत प्रथमच मोटार आली. तुरीची मूठ हातात घेताच तिच्यातील ओल ज्यांना कळते, तेच आपण मोटारीचे पुढचे झाकण उघडले की अजाण बालकासारखे उभे राहतो. मग एकतर समोरचा सांगेल ते सारे खरे मानतो, नाहीतर सारे खोटे मानतो. या दोन्ही चुका आम्ही केल्या व दोहोंची किंमत मोजली. त्यांतून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

पहिली चूक : अज्ञानाची

तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी एक वापरलेली मोटार घेतली. वर्षभरात गाडीच्या खालच्या बाजूने खडखड असा आवाज येऊ लागला. आम्ही ती शहरातील एका मोठ्या, काचेच्या दालनाच्या कारखान्यात नेली. गणवेषातील तरुणाने अदबीने चहा दिला आणि पुढे कागद ठेवला. ब्रेक उघडून साफ करणे, इंजिनाची आतून धुलाई, इंजेक्टरची सफाई, तळाला गंजरोधक लेप अशी मोठी यादी होती. आम्ही सही केली. संध्याकाळी २८,६०० रुपयांचे बिल आले. ते भरून घरी निघालो, तो अफझलगंजच्या पुलावर तोच खडखडाट पुन्हा सुरू!

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पुतली बावलीकडच्या एका गल्लीत गेलो. तेथील उस्तादांनी गाडी दोन मिनिटे चालू ठेवून आवाज ऐकला, खाली वाकून पाहिले व धुराच्या नळीवरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाल्याचे दाखविले. एक पट्टी आवळली व दीडशे रुपये घेतले.

कारखान्याने आम्हांस फसविले असे म्हणणे पुरते खरे नव्हे. यादीतील कामे त्यांनी केली होती. मात्र आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते काम यादीत नव्हते, आणि ते नाही हे आम्ही पाहिले नाही. वानगी न पाहता शंभर पोती उचलणाऱ्या व्यापाऱ्यास बाजार काय म्हणेल?

दुसरी चूक : हावेची

यानंतर आमच्या मनाने उलट टोक गाठले. मोटारीचे प्रत्येक काम दीडशे रुपयांचे असते व त्यापुढील सारी लूट, असा ग्रह झाला. काही दिवसांनी पुढच्या ब्रेकचे पॅड बदलण्याची वेळ आली. उस्तादांनी ३,८०० रुपये सांगितले. आम्ही गंजातल्या सवयीने घासाघीस आरंभिली व भाव २,२०० वर आणला. 'या भावात ते पॅड बसणार नाहीत, दुसरे बसवावे लागतील,' असे ते म्हणाले. आम्ही 'बसवा' म्हणालो. कोणते दुसरे, हे विचारले नाही. उलट चिरंजीवांस मोठ्या अभिमानाने सांगितले, 'व्यापारी असा असतो!'

चार महिन्यांनी कुलपाकजीची यात्रा करून सहकुटुंब परतत होतो. भोंगीर ओलांडल्यावर ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला. उप्पलच्या चौकात गाडी थांबली ती पुढील स्कूटरपासून वीतभर अंतरावर. मागल्या बाजूस सात वर्षांची नात झोपली होती. त्या वीतभर अंतराची आठवण आली की आजही हात थंड पडतात.

उस्तादांनी चाक खोलले. पॅडचा थर संपून मागील पत्रा चकतीस घासत होता व चकतीवर खोल चरे पडले होते. आता पॅड व चकत्या मिळून ९,४०० रुपये लागले. आमचा राग ओळखून ते शांतपणे म्हणाले, 'सेठ, आप भाव देखे, माल नइं देखे. गलती मेरी बी है, मैं ना बोलना था.' चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून आम्ही जे इतरांस शिकविले, ते त्या दिवशी त्या गृहस्थाने आम्हांस शिकविले.

रास्त भाव म्हणजे काय?

सर्वांत कमी भाव म्हणजे रास्त भाव नव्हे. जे काम खरोखर लागते तेवढेच व्हावे, त्यासाठी कोणता माल वापरणार हे आधी कळावे, आणि माल व मजुरी यांचा आकडा काम सुरू होण्यापूर्वी उभयपक्षी ठरावा. अशा रीतीने ठरलेला भाव तो रास्त भाव.

आपल्या धंद्याचा इतिहास हेच सांगतो. पूर्वी बाजारात हत्ता पद्धत होती. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई आणि ज्याचा माल, त्या शेतकऱ्यासच भाव कळत नसे. त्यावर कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा कपाती निराळ्याच. वऱ्हाडात १८९७ साली व निजामाच्या राज्यात १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, बाजाराचे कायदे झाले. पुढे हळूहळू उघडा लिलाव व बाबवार लिहिलेली हिशेबपट्टी ही रीत रुजली. शेतकरी काही रातोरात धान्यपारखी झाला नाही. भाव रुमालाखालून बाहेर आला, एवढेच झाले. मोटारीच्या मालकानेही यंत्रविद्या शिकण्याची गरज नाही. सौदा रुमालाखालून बाहेर काढता आला की पुरे. त्याचे सात पाठ येणेप्रमाणे.

१. दुखणे सांगावे, औषध सांगू नये. 'प्लग बदला' असे म्हणू नये. 'सकाळी थंड असताना गाडी तीन वेळा बंद पडते, गरम झाल्यावर पडत नाही' असे सांगावे. आवाज केव्हा येतो, कोणत्या वेगात, वळताना की ब्रेक दाबताना, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. शक्य तर कारागिरास शेजारी बसवून गाडी फिरवावी. आपण सांगितलेला भाग बदलला व दोष राहिला, तर त्याला बोल लावता येत नाही.

२. निदान निराळे, दुरुस्ती निराळी. निदानाचे काय घेणार हे आधी विचारावे व तेवढे खुशीने द्यावे. ते ज्ञानाचे मोल आहे. आजच्या गाडीस यंत्र जोडून दोषाचा संकेतांक वाचता येतो. परंतु तो संकेतांक म्हणजे निवाडा नव्हे. बिघाड कोणत्या भागाच्या आसपास आहे एवढेच तो सांगतो. एखादी सैल तारही महागड्या सुट्या भागाचा संकेत दाखवू शकते. म्हणून 'यंत्रात आले' एवढ्यावर भाग बदलू देऊ नये. 'आणखी काय तपासले?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

३. अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात भाग, त्याची बनावट, किंमत, मजुरी व कर हे निरनिराळे असावेत. 'एकूण इतके' हा हत्त्याचाच प्रकार होय. खाली एक ओळ आपल्या हाताने लिहावी : 'यापलीकडील काम विचारल्यावाचून करू नये.' 'मोफत सर्व्हिस' या शब्दांत सामान्यतः मजुरी माफ असते, तेल व भाग नव्हेत, हेही ध्यानात असावे.

४. गाडीबरोबरची पुस्तिका वाचावी. किती किलोमीटरला वा किती महिन्यांनी काय बदलावयाचे, याचे कोष्टक तीत असते. जे कोष्टकात नाही व ज्याचे दुखणेही नाही, ते काम सुचविले गेल्यास कारण विचारावे. आमच्या पहिल्या बिलातील इंजिनाची धुलाई व लेप ही याच वर्गातली. काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेच तो बाद होतो. ब्रेकच्या पॅडचा थर सुमारे ३ मिलिमीटर उरला की तो बदलावा. 'दाखवा' म्हटल्यावर भला कारागीर चाक काढून दाखवितो.

५. माल ओळखावा. सुटे भाग बाजारात चार प्रकारचे असतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या पुडीतला. दुसरा, कंपनीस भाग पुरविणारा कारखानदार स्वतःच्या नावाने विकतो तो. हा बहुधा स्वस्त पडतो व गुणात उणा नसतो. तिसरा, इतर कारखानदारांचा, ज्यात बरेवाईट दोन्ही असते. चौथा, नामांकित पुडीची नक्कल. शास्त्रकारांनी अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच ज्याला प्रतिरूपक व्यवहार म्हटले, तो हाच. पहिल्या तिघांत निवड आपली. चौथा घरात येऊ देऊ नये. मोठा भाग असल्यास राणीगंज वा पुतली बावलीच्या दोन दुकानांत भाव विचारून यावा. पुडीवरील छापील किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा कर चढविलेला दिसल्यास हरकत घ्यावी.

पूर्वी अनेक कंपन्यांचे भाग खुल्या बाजारात मिळतच नसत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणास्तव १४ मोटार-कंपन्यांस मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाविरुद्ध पुढे अपिले झाली, तरी बाहेरच्या कारागिरास भाग व माहिती मिळाली पाहिजे हे तत्त्व त्यातून पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने माहितीचे संकेतस्थळही सुरू केले.

६. घाईत सौदा करू नये. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीस तंतोतंत लागू आहे. म्हणून गाडी धड असतानाच एखाद्या लहान कामाने दोन-तीन कारागिरांची पारख करून ठेवावी. ऑक्टोबर २०२० च्या महापुरात या शहरातील कितीतरी मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा वेळी धीर न धरता किल्ली फिरविली, तर इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही व आतील दांडा वाकतो. सफाईवर भागणारे काम मग इंजिन उघडण्यावर जाते. गाडी सुरू न करता ओढून न्यावी व विमा कंपनीस आधी कळवावे.

७. जुना भाग परत मागावा, गाडी फिरवून पाहावी, मगच पैसे द्यावेत व पक्के बिल घ्यावे. जुना भाग मागणार हे आरंभीच सांगितले, म्हणजे न बदललेला भाग बिलात येत नाही. करनोंदणी नसलेल्या कारागिरास वस्तू व सेवा कर आकारता येत नाही. जो आकारतो त्याचा नोंदणी-क्रमांक बिलावर पाहावा. केलेल्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा अधिकार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिरास दिला आहे, हेही विसरू नये. म्हणूनच वाद हा काम सुरू होण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे. तरीही अन्याय झालाच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. मात्र तेथे लेखी अंदाजपत्रक व बिल हेच आपले साक्षीदार होत.

समारोप

हे सात पाठ कारागिरावर संशय घेण्यासाठी नाहीत. ज्याच्याशी सारे उघड ठरले, त्याच्यावर विश्वास टाकणे सोपे जाते. आज आमची गाडी त्याच उस्तादांकडे जाते. ते अंदाज वहीच्या पानावर लिहून देतात, जुने भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मागील डिक्कीत ठेवतात. आम्ही भागाच्या किमतीची चौकशी करतो, परंतु त्यांच्या मजुरीत घासाघीस करीत नाही. गेल्या पावसाळ्यापूर्वी आम्ही स्वतः ब्रेक बदलावयास सांगितले, तेव्हा त्यांनी चाक काढून दाखविले व म्हणाले, 'सेठ, अभी छे महिने चलते.' तो धंदा त्यांनी हातचा घालविला, आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकास कायमचे बांधून घेतले.

आपल्या दुकानी येणारा किरकोळ गिऱ्हाईकही धान्याच्या बाबतीत तितकाच अजाण असतो, जितके आपण मोटारीच्या बाबतीत. मोटारीच्या कारखान्यात आपणांस जशी वागणूक मिळावी असे वाटते, तशी त्यास आपल्या ओट्यावर मिळते का, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पडताळून पाहावे. इतकी विनंती करून लेखणी आवरती घेतो.