नेवाळीच्या धावपट्टीवर विमान शिकता येईल का?

प्रश्न : आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिच्या डोक्यात पायलट व्हायचं वेड शिरलंय. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला जुनी धावपट्टी आहे म्हणतात. मग एवढी जवळची जागा सोडून मुलं शिकायला धुळ्या-बारामतीला का जातात? मुलीला चष्मा आहे, तो आडवा येईल का? आणि मी स्वतः पन्नाशीत आहे. मला निव्वळ हौस म्हणून शिकता येईल का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : धावपट्टी आहे, हे खरं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नेवाळी आणि आसपासच्या गावांतल्या शेतजमिनी ताब्यात घेऊन तिथे लष्करी विमानतळ बांधला. युद्ध संपलं, विमानं गेली, जमिनीचा वाद मात्र गेला नाही. गावकरी म्हणतात, युद्धापुरती घेतलेली जमीन आम्हाला परत द्या. नौदल म्हणतं, ती संरक्षण खात्याची आहे. जून २०१७ मध्ये नौदलाने भिंत घालायला सुरुवात केली तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या जळल्या, पोलिसांशी चकमक झाली. अशा जागेवर फ्लाइंग क्लब काढायला कोण धजावणार?

समजा, उद्या तो वाद मिटला. तरी नेवाळीत विमान शिकणं कठीणच, कारण खरी अडचण वरच्या आभाळाची आहे. शिकाऊ पायलटचा बहुतेक वेळ सर्किटमध्ये जातो. धावपट्टीवरून उठायचं, साधारण हजार फुटांवर चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, चाकं टेकली की पुन्हा उठायचं. एकेका सकाळी हेच दहा-दहा वेळा. त्यासाठी मोकळं आकाश लागतं. आपल्याकडे पश्चिमेला मुंबई विमानतळ, जिथे विमानांना पूर्वेकडून उतरायचं तर नवी मुंबईवरूनच यावं लागतं, आणि दक्षिणेला उलव्याचा नवा विमानतळ. या दोघांच्या गर्दीत नवशिक्याच्या सेसनाला, म्हणजे छोट्या शिकाऊ विमानाला, तासन्‌तास घिरट्या घालायला कोणी देणार नाही, आणि देऊही नये.

तिसरी गोष्ट पावसाची. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला नियमाने किमान पाच किलोमीटरपर्यंत दिसावं लागतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्यात जेमतेम सहाशे. कसारा घाट ओलांडला की शिकाऊ पायलटच्या वाट्याला उडण्याजोगे दिवस कितीतरी जास्त येतात.

एकेकाळी मात्र मुंबईकर मुंबईतच विमान शिकत. जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता एक. पुढे सांताक्रूझचा, म्हणजे मुंबईचा मुख्य विमानतळ वाढत गेला, जुहू हेलिकॉप्टरांचं झालं आणि क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला हललं. बारामती, शिरपूर, गोंदियाजवळचं बिरसी इथेही शिकवतात. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, तेही उडवून बघायला धुळ्यालाच न्यावं लागलं. तुमच्या मुलीला घाट ओलांडावा लागतोय यात नवल नाही.

आता परवान्याकडे वळू, कारण बहुतेक घरांत इथेच गल्लत होते. परवाने मुख्यतः तीन. पहिला स्टुडंट पायलटचा. वय सोळा, शिक्षण दहावी. त्यावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उडता येतं. दुसरा प्रायव्हेट, म्हणजे पीपीएल. किमान वय सतरा, शिक्षण दहावी, उड्डाण किमान चाळीस तास, त्यातले काही एकट्याने. यावर तुम्ही विमान उडवू शकता, घरच्यांना बसवू शकता, पण त्याचा एक रुपया मोबदला घेऊ शकत नाही. तिसरा कमर्शियल, सीपीएल. वय अठरा, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, दोनशे तास उड्डाण, पैकी शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःवर. नोकरीचं दार या तिसऱ्याने उघडतं, तेही किलकिलं. एअरबस किंवा बोइंग चालवायचं तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, वेगळं करावं लागतं आणि त्याचा खर्चही लाखांत असतो.

म्हणून तुमचं आणि मुलीचं गणित एक नाही. तुमच्या हौसेला पीपीएल पुरे. वय आड येत नाही. मेडिकल येऊ शकतं, कारण पन्नाशीत रक्तदाब आणि साखर डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाहीत. चाळीस तासांचा खर्च काही लाखांचा. परवडत असेल तर खुशाल करा, फक्त मुलीच्या फीमधून नको! कारण तिचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जाऊ शकतो.

चष्म्याची भीती सोडा. चष्मा लावून नजर ठरलेल्या पातळीला येत असेल तर चालतो. रंगांधळेपणा ही खरी अडचण, आणि ती पुष्कळांना तपासणीच्या टेबलावरच पहिल्यांदा कळते. पीपीएलला क्लास टू मेडिकल पुरतं, सीपीएलला क्लास वन लागतं. लोक आधी विमानाच्या शाळेत फी भरतात आणि मग डॉक्टरकडे जातात. हा क्रम उलटा हवा.

विमानात बसण्याआधीचा बराच अभ्यास डोंबिवलीत राहूनच होतो. डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर घ्यायचा आणि पेपर द्यायचे: एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, टेक्निकल. पास व्हायला सत्तर टक्के. बारावीच्या पस्तीसची सवय असलेल्यांना हे जड जातं. रेडिओवर बोलण्याचा परवाना निराळा, त्याची परीक्षाही निराळी. पेपर आधी सुटलेला विद्यार्थी धुळ्याला गेला की फक्त उडतो. पेपर राहिलेला हॉस्टेलच्या खोलीत पुस्तक उघडून बसतो, आणि तिथल्या भाड्याचं मीटर चालूच असतं.

शाळा निवडताना माहितीपत्रकातल्या चकचकीत फोटोंना भुलू नका. जाऊन बघा. आज उडण्याच्या स्थितीत विमानं किती, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, एवढं विचारा. गेल्या वर्षी आलेल्या मुलांचे दोनशे तास किती महिन्यांत झाले, हे ऑफिसात नको, कँटीनमध्ये मुलांनाच विचारा. डीजीसीए आता प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी जाहीर करतं, तीही नजरेखालून घाला.

मुलीची हौस किती खरी आहे ते पाहायचं असेल तर कॉलेजात गेल्यावर एनसीसीची हवाई शाखा मिळते का ते बघा. मुंबई, पुणे, नागपूर इथे एअर स्क्वॉड्रन आहेत, आणि निवडलेल्या कॅडेटना मायक्रोलाइट या हलक्या विमानात बसवतात. पहिल्याच फेरीत पोट ढवळलं तर पन्नास लाख वाचले, नाही ढवळलं तर पुढचं बोलू. पण क्लास वन मेडिकलचा निकाल हातात येईपर्यंत, शाळा कितीही नावाजलेली असो, तिला आगाऊ रक्कम देऊ नका.