एका वेळी एकच भाग

चि. ऋतुजा,

गिटारसाठी डिस्टॉर्शन पेडल तू घरीच बनवायला घेतलं आहेस आणि पहिल्याच झटक्यात त्यात चार-पाच फेरफार करायचा तुझा विचार आहे, असं कळलं. पेडल जरूर बनव, फेरफारही कर. पण माझा एक आग्रह ऐक. सर्किट आधी मूळ नकाशाबरहुकूम पूर्ण कर आणि मनसोक्त वाजवून बघ. त्यानंतर बदल करशील तो एका वेळी एकाच भागाचा. बदलाआधी काय ऐकू येईल याचा अंदाज वहीत लिहून ठेव, आणि जुना-नवा आवाज ताडून बघताना दोन्हींची पातळी सारखी कर. शिस्तीमागची कारणं पटली नाहीत तर ती पहिल्या उत्साहातच सुटते, म्हणून ती कारणं सविस्तर लिहितो.

सुरुवातीला एमएक्सआरच्या ‘डिस्टॉर्शन प्लस’चं सर्किट घे. १९७०च्या दशकातलं हे पेडल शिकण्यासाठी फार चांगलं आहे : एक ७४१ ऑपअँप चिप, दोन डायोड, दोन नॉब आणि मोजके रेझिस्टर-कपॅसिटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत यातलं बहुतेक सामान सहज मिळेल. जर्मेनियम डायोडसाठी मात्र थोडी शोधाशोध करावी लागेल. ऑपअँप गिटारचा क्षीण सिग्नल शेकडो पटींपर्यंत वाढवू शकतो, आणि बाहेर पडायच्या वाटेवर ग्राउंडकडे एकमेकांच्या उलट जोडलेले दोन डायोड त्या लहरीचे वरचे-खालचे शेंडे कापतात. लहर अशी कापली गेली की मूळ सुरात नसलेले नवे स्वरांश तयार होतात. आपण ज्याला डिस्टॉर्शन म्हणतो ते हेच. आता त्याच दशकातलं डीओडी २५० बघ. त्याचं सर्किट जवळजवळ हेच आहे. ठळक फरक डायोडचा : एमएक्सआरमध्ये जर्मेनियम, डीओडीमध्ये सिलिकॉन. तरीही वादक या दोन पेडलांना दोन वेगळे स्वभाव असल्यासारखं वागवतात. एका जागच्या बदलाने एवढा फरक पडत असेल, तर एकदम पाच जागा बदलल्यावर कोणता फरक कशामुळे पडला, हे तुला कोण सांगणार?

पातळी सारखी ठेवायचा आग्रहही याच उदाहरणातून निघतो. जर्मेनियम डायोड साधारण ०.३ व्होल्टला लहर कापू लागतो, सिलिकॉन ०.६ व्होल्टच्या आसपास, आणि लाल एलईडी १.७ व्होल्टच्या सुमाराला. म्हणजे जर्मेनियम काढून सिलिकॉन लावलास की बाकी काहीही न बदलता बाहेर येणारा सिग्नल सुमारे दुप्पट होतो. मोठा आवाज कानाला अधिक भरदार वाटतो, आणि त्याला भक्कम शास्त्रीय आधार आहे. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाजाच्या पातळीनुसार वेगवेगळ्या कंपनसंख्यांबद्दलची कानाची संवेदनशीलता बदलते. हळू आवाजात खर्ज सर्वाधिक हरवतो आणि आवाज वाढला की तो परत येतो. त्यामुळे ‘सिलिकॉन लावल्यावर आवाज भरदार झाला’ या तुझ्या निष्कर्षात डायोडचा वाटा किती आणि नुसत्या मोठेपणाचा किती, हे पातळी जुळवल्याशिवाय वेगळं करता येत नाही. उपाय अगदी साधा आहे. पेडल बंद असताना गिटार जेवढी मोठी ऐकू येते, तेवढीच ती पेडल चालू असतानाही यावी असा व्हॉल्यूम दर बदलानंतर लाव. अँपचे नॉब, गिटारचा व्हॉल्यूम आणि वाजवायचा तुकडा तोच ठेव. शक्य असेल तर दोन्ही आवाज रेकॉर्ड करून, कुठला कोणता हे न सांगता, मैत्रिणीला तुला ऐकवायला सांग.

अंदाज आधी लिहायचा, कारण त्याशिवाय सर्किट वाचायला येत नाही. ‘डिस्टॉर्शन प्लस’मध्ये ऑपअँपची वाढ ठरवणारा एक १ मेगओहमचा रेझिस्टर आहे; दुसऱ्या बाजूला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, ड्राइव्हचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एका रांगेत आहेत. ड्राइव्ह पूर्ण फिरवला की वाढ सुमारे २१३ पट होते. पण त्याच वेळी तो कपॅसिटर आणि ४.७ किलोओहम मिळून ७२० हर्ट्झच्या आसपास एक सीमा आखतात, आणि तिच्या खालचे स्वर उत्तरोत्तर कमी वाढतात. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर असते, म्हणजे या सीमेच्या बरीच खाली. आता ड्राइव्ह कमी करून त्या वाटेतला एकूण रोध दहापट केलास, तर वाढ २२ पटींवर येते आणि सीमा ७२ हर्ट्झवर सरकते. म्हणजे ड्राइव्हचा नॉब विकृतीच्या मात्रेबरोबर खर्जाचा तोलही बदलतो. पेडलच्या पत्र्यावर ही गोष्ट कुठेही लिहिलेली नसते, ती हिशेबातूनच कळते. म्हणून ०.०४७च्या जागी ०.१ मायक्रोफॅरड लावण्याआधी लिही : सीमा ३४० हर्ट्झच्या जवळ येईल, खर्ज जास्त वाढून डायोडांवर जास्त कापला जाईल, जाड तारांवरचे कॉर्ड गढूळ होतील. मग वाजव. अंदाज खरा ठरला तर सर्किट समजलं. चुकला तर काय शोधायचं ते समजलं.

यावर कोणी म्हणेल, की खरी जादू अमुक जुन्या चिपमध्ये असते, हिशेबात नाही. या म्हणण्याला सरसकट खोटं ठरवणं चूक आहे आणि सरसकट मानणंही. ७४१ ही मंद चिप आहे. २०० पट वाढ मागितली की तिची ताकद जेमतेम ५ किलोहर्ट्झपर्यंत पुरते. टीएल०७१ ही चिप त्याच पायांवर बसते आणि त्याच वाढीला जवळजवळ तिप्पट उंचीपर्यंत पोचते. म्हणजे या सर्किटात चिपचा फरक ऐकू यायला कारण आहे. पण ड्राइव्ह खाली आणलास तर ते कारण बरंचसं उरत नाही. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचंही तसंच : एकाच नंबरच्या दोन नगांची वाढ वेगळी असते, ते तापमानाने बदलतात, म्हणून फझ पेडलांत ते मोजून निवडावेच लागतात. प्रत्येक दाव्याला विचार, की कोणत्या परिस्थितीत आणि कशामुळे. उत्तर नसेल तर केवळ दुर्मीळ म्हणून जास्त पैसे मोजू नकोस.

याहून वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. डिस्टॉर्शनचा जन्मच अपघातातून आणि मोडतोडीतून झाला, मग इतकं मोजमाप कशाला? १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या बासचा आवाज नॅशव्हिलच्या स्टुडिओत कन्सोलच्या एका चॅनेलच्या बिघाडामुळे फाटला. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला. हे सगळं खरं आहे. पण पुढे काय झालं ते बघ. नॅशव्हिलचे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी त्या बिघाडावर खूश होऊन थांबले नाहीत. तोच आवाज ट्रान्झिस्टरच्या सर्किटातून मुद्दाम काढता यावा म्हणून ते कामाला लागले. त्यातूनच १९६२ मध्ये गिब्सनने बाजारात आणलेलं ‘माएस्ट्रो फझ-टोन’ घडलं, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ते घरोघरी पोचवलं. अपघाताने आवाज सापडला. पण हवा तेव्हा पुन्हा काढता आला तेव्हाच तो वादकाचा झाला. अपघातांना जागा ठेवच. चुकीचा कपॅसिटर लागून काही विलक्षण ऐकू आलं, तर तेही वहीत नोंदव. एकच भाग बदललेला असेल, तर त्या आनंदाचं कारण तुझ्या हाती राहील.

हे सारं कंटाळवाणं आणि संथ आहे, असंही तुला वाटेल. तो कंटाळा बराचसा जोडणीच्या पद्धतीने टाळता येतो. आधी ब्रेडबोर्डवर काम कर. कायमच्या बोर्डवर चिप, डायोड आणि त्या एका कपॅसिटरसाठी सॉकेट लाव, म्हणजे बदल मिनिटभरात होईल आणि तितक्याच सहज परतही फिरवता येईल. परत फिरता येत नसेल असा बदल सगळ्यात शेवटी. सगळे प्रयोग ९ व्होल्टच्या बॅटरीवर कर. व्हॉल्व्ह अँप मात्र उघडू नकोस. बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात आणि ते जिवावर बेततं.

आवड तुझीच राहणार आहे, तिच्यावर कुणाची हुकमत नको. लोकांना कर्कश वाटणारा आवाज तुला हवा असेल तर तोच ठेव, सगळे वाखाणतात तो डायोड नावडला तर काढून टाक. फक्त ती निवड मोठ्या आवाजाची, जुन्या चिपच्या किमतीची किंवा दुसऱ्याच्या मताची नसून तुझ्या कानाची आहे, याची तुला खात्री असली पाहिजे. एका वेळी एक भाग बदलण्याने ती खात्री मिळते. या आठवड्यात मूळ सर्किट पूर्ण कर आणि पहिला बदल डायोडचाच कर. तुझा अंदाज आणि प्रत्यक्षात आलेला आवाज, दोन्ही मला कळव.

तुझा,
मामा