किती आणि कशावरून

चि. कु. सुमती हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. शरीरक्रियाशास्त्राच्या ग्रंथाचा विस्तार पाहून तू प्रथम धास्तावलीस आणि मग रात्री जागून तो मुखोद्गत करावयाचा निश्चय केलास, हे वाचले. तुझ्या चिकाटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु जे शास्त्र प्रश्न विचारता विचारता वाढले, ते उत्तरांच्या पाठांतराने आत्मसात होईल असे मला वाटत नाही, आणि म्हणून ग्रंथातील प्रत्येक विधानापाशी क्षणभर थांबून ‘किती?’ आणि ‘कशावरून?’ एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय तू आरंभापासूनच अंगी बाणवून घ्यावीस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

रक्ताभिसरणाचेच घे. अन्नापासून यकृतात अखंड नवे रक्त तयार होते आणि निरनिराळे अवयव ते शोषून संपवितात, हे गेलेनचे मत युरोपातील विद्यापीठांत सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले जात होते. पाडुआ येथे शिकून लंडनला परतलेल्या विल्यम हार्वेने ते उलथून टाकले ते एका साध्या गुणाकाराच्या बळावर. एका ठोक्यासरशी हृदयातून अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात ठोके हजारच पडतात असे धरले (आणि दोन्ही आकडे प्रत्यक्षाहून बरेच कमी आहेत), तरी रक्त भरते ५०० औंस! इतके रक्त कोणाच्याही अंगात नसते, आणि तेवढ्या अवधीत अन्नातून ते निर्माण होणे तर सर्वथा अशक्य. तेव्हा तेच रक्त फिरून फिरून हृदयाकडे येत असले पाहिजे, हा निष्कर्ष त्याने १६२८ साली ग्रंथरूपाने विद्वानांपुढे ठेवला. रोहिणीतले रक्त नीलेत उतरते कोणत्या वाटेने, हे मात्र त्याला अखेरपर्यंत दिसले नाही. माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्यांचे वर्णन १६६१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षे झाली होती.

हार्वेने दिलेला एक दाखला तू आपल्याच हातावर पाहा. दंडाला रुमाल बेताचा आवळून बांध. थोड्याच वेळात कोपराखालच्या नीला टरारून वर येतील आणि त्यांवर मधूनमधून बारीक गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे आतल्या झडपांच्या जागा. आता एका गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूस, नीलेवर एक बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने तेथून रक्त वर, त्या गाठीच्या पलीकडे, निपटून ने. मधला भाग रिकामा होऊन सपाट पडेल. वरून खाली रक्त लोटू पाहशील तर ते त्या गाठीशीच अडेल, आणि खालचे बोट उचलताच नीला मनगटाकडून तत्काळ भरून येईल. रुमाल फार वेळ ठेवू नकोस. पण एवढे पाहिल्यावर नीलांतील रक्त हृदयाच्याच दिशेने वाहते हे तुला कोणी सांगावे लागणार नाही.

आता तुझ्या क्रमिक ग्रंथातील आकड्यांकडे वळ. विश्रांतीच्या स्थितीत डावी जवनिका एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते, आणि मिनिटास ठोके सुमारे ७२. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, अंगात असते जवळजवळ तितकेच सारे. त्यातला पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो, हे वाचून पुढे सरकू नकोस. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून मूत्र होते जेमतेम दीड लिटर. एवढे गाळून जवळजवळ सगळेच परत घ्यावयाचे, ही उलाढाल कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे, कचेरीतले सारे दप्तर बाहेर काढून त्यातले हवे तेवढेच कागद पुन्हा फडताळात लावावेत, तशी ही व्यवस्था आहे. टाकाऊ पदार्थ एकेक ओळखून काढण्याची दगदग वाचते आणि पूर्वी कधी न आलेले अपरिचित द्रव्यही बहुधा आपोआप बाहेर पडते. पेशींभोवतालच्या द्रवाची घटना सदैव स्थिर राखणे हीच स्वतंत्र जीवनाची अट होय, असे क्लोद बर्नारने एकोणिसाव्या शतकात प्रतिपादिले. त्याचे ते तत्त्व मूत्रपिंडाच्या प्रकरणाइतके अन्यत्र क्वचितच स्पष्ट होते, म्हणून ते प्रकरण घाईने वाचू नयेस.

नावे आणि व्याख्या पाठ कराव्या लागतील, त्यास इलाज नाही. परीक्षेचा तगादा मलाही ठाऊक आहे. परंतु प्रत्येक प्रकरणाअंती ग्रंथ मिटून, त्यातील एक तरी क्रिया आकृती काढून स्वतःच्या शब्दांत लिहीत जा, आणि जेथे लेखणी अडेल तेथेच पुन्हा वाच. प्रयोगशाळेत सोबत्याचा आकडा आपल्या वहीत उतरून घेण्याचा मोह होईल. तुझा आकडा चुकीचा वाटला तरी तोच नोंद, आणि फरक का पडला याचा शोध घे.

येत्या आठवड्यात रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आपली नाडी मोज, मग वसतिगृहाचा जिना दोनदा चढून पुन्हा मोज, आणि ती पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो तेही टिपून ठेव. आकड्यांचा तक्ता पुढील पत्रासोबत पाठव. त्यावर सविस्तर लिहीन. तुझी मामी आशीर्वाद सांगते. प्रकृतीस जपावे. हे आशीर्वाद.

तुझा मामा