अश्मरी : शूलशमन म्हणजे रोगमुक्ती नव्हे

तारापूर औद्योगिक वसाहतीत भट्टी वा बॉयलरजवळ राबणाऱ्या कामगाराचा द्रवांश घामावाटे जातो. पाणी पुरेसे न प्यायल्यास मूत्र गढूळ व घट्ट होते. पालघर-बोईसर परिसरातील वैद्यांना मूतखड्याचे रुग्ण म्हणूनच अपरिचित नाहीत.

अशाच एका रुग्णाचा शूल आमच्या औषधांनी चार दिवसांत शमला. खडा पडून गेला, असे आम्ही गृहीत धरले. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली, तेव्हा खडा गविनीत तसाच अडकलेला व वृक्क फुगलेले आढळले. सीरम क्रिएटिनिन मात्र प्राकृत होते. कारण दुसरे निरोगी वृक्क एकट्याने भार वाहत होते. ही चूक आमची होती.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात तरुण अश्मरी औषधसाध्य, तर प्रवृद्ध अश्मरी छेदनयोग्य सांगितली आहे. बस्तीतील अश्मरी अग्रवक्र यंत्राने काढावी, तत्पूर्वी अनुज्ञा घ्यावी, असेही ते सांगतात. आज ही सीमारेषा ठरविण्यास सोनोग्राफी साहाय्य करते. आतड्यांतील वायूमुळे गविनीतील खडा तीत न दिसल्यास सीटी स्कॅन करावा.

पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. वरुण, गोक्षुर, पाषाणभेद यांची योजना येथे करावी. मात्र पुनःपरीक्षण टाळू नये. मोठ्या खड्यांसाठी तीन मार्ग प्रचलित आहेत. १९८० मध्ये म्युनिक येथे प्रथम वापरलेल्या लिथोट्रिप्सीत शरीराबाहेरून आघातलहरींनी खडा फोडतात. युरेटेरोस्कोपीत मूत्रमार्गातून दुर्बीण गविनीपर्यंत नेतात. पीसीएनएलमध्ये पाठीतून छिद्र करून थेट वृक्कात प्रवेश करतात.

अवरोध दूर करण्यासाठी वृक्क ते बस्ती अशी डीजे स्टेंट नावाची नलिका ठेवतात. ती ठरलेल्या मुदतीत काढावीच लागते. अन्यथा तिच्यावरच क्षार साचतात. शूल थांबताच गावी परतणाऱ्या परप्रांतीय कामगारास ही तारीख त्याच्या भाषेत लिहून द्यावी.

थंडी वाजून ज्वर, मूत्राघात, एकच वृक्क, गर्भावस्था किंवा वाढलेले क्रिएटिनिन आढळल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. अवरोधासह ज्वर असल्यास काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

शूल थांबला की रुग्ण निर्धास्त होतो. वैद्याने मात्र खडा गेल्याचे प्रमाण पाहिल्याविना निर्धास्त होऊ नये.